अंबूताईंचं परीक्षेचं लुगडं

"हे लुगडं नेसून तुम्हाला आत बसता येणार नाही."

"मग काय नेसून बसू? तुमचं धोतर?"

"अंबूताई! जिभेला आवर घाला. मी इथला पर्यवेक्षक आहे."

"आणि मी इथली परीक्षार्थी. आसन क्रमांक नऊ, खिडकीजवळ. सरका बघू आचार्य, घंटा व्हायला आली."

"आधी पदरावर काय लिहिलंय ते सांगा."

"लिहिलेलं नाही. भरलंय."

"काय भरलंय?"

"हत्ती."

"हत्तीवर?"

"अंबारी."

"आणि अंबारीत?"

अंबूताईंनी पदर पुढे ओढून पाहिला, जणू आत कोण बसलंय ते त्यांनाही आत्ताच कळायचं होतं. अंबारीत 'संविधानक' बसलं होतं. ऐसपैस, तांबड्या रेशमात.

"अय्यो," अंबूताई म्हणाल्या.

"अय्यो काय? मोराच्या चोचीत 'औचित्य'. तुळशीवृंदावनाच्या पायऱ्यांवर 'स्वभावरेखन'. हा रथ, ह्याच्या चाकात 'संघर्ष'. आणि काठावरून ही जी 'रसपरिपोषा'ची रांग निघालीय ती थेट निऱ्यांत शिरलीय, तिथवर बघणं मला शोभत नाही! ही कॉपी आहे, अंबूताई. इतकी नटवी कॉपी आजवर कुणी केली नसेल."

व्हरांड्यात बाकीचे आठ परीक्षार्थी उभे होते. सगळे पुरुष. परीक्षेच्या धास्तीनं सकाळपासून त्यांच्या तोंडाला कोरड पडली होती. आता ती धास्ती विसरून सगळे पदर वाचायला लागले. मामलेदार कचेरीत उमेदवारी करणारा प्रभंजन तर ओठ हलवून वाचत होता.

"प्रभंजन! तिकडे तोंड कर," बाळाचार्य ओरडले.

"सर, उजळणी करतोय."

एकोणीसशे छत्तीस सालच्या मार्गशीर्षातला हा रविवार. पुण्याच्या एका संस्थेची मराठी वाङ्मयाची परीक्षा घरी अभ्यास करून देता यायची, आणि धारवाडात तिचं केंद्र निघून दोनच वर्षं झाली होती. केंद्र म्हणजे एका हायस्कूलचा हॉल, पुण्याहून आलेला मोहोरबंद लखोटा आणि बाळाचार्य. आचार्य त्याच हायस्कुलात मराठी आणि संस्कृत शिकवायचे. शनिवारी दुपारी ह्या परीक्षेचा वर्गही तेच फुकट चालवायचे. वैशाखातसुद्धा कोटाचं वरचं बटण न काढणारा माणूस. नियमाला पक्का आणि व्याख्येला त्याहून पक्का.

आणि अंबूताई? गावातल्या मुलींच्या मराठी शाळेत त्या आठ वर्षं शिवण शिकवत होत्या. वकिलाच्या कारकुनाची बायको, वय चौतीस, आवाज दोन खोल्यांपलीकडे ऐकू जाईल असा. शिवणाच्या तासाला मुलींचे हात कामात आणि कान रिकामे, म्हणून एकीला उभी करून त्या मोठ्यानं वाचायला लावत. कधी कविता, कधी नाटकातला प्रवेश. मध्येच थांबवत. "थांब गं शकुंतला! ही बाई नवऱ्याला 'जा' म्हणाली, पण खरंच म्हणाली का? उंबऱ्याशी कशाला उभी राहिली मग?" मग वर्गात असा गलका उठे की शेजारच्या वर्गातून निरोप यायचा, शिवणाला एवढं हसू कशाचं येतं?

त्या वर्षी मराठीच्या बाई लग्न होऊन बेळगावला चालल्या. मुख्याध्यापिका कुसुमावतीबाईंनी अंबूताईंना बोलावून सांगितलं, "मुली म्हणतात मराठी तुम्हीच शिकवा. माझी ना नाही. पण ह्या वर्षीची परीक्षा पास व्हायला हवी. नाहीतर उन्हाळ्यात मी बाहेरून बाई आणते."

अंबूताई ऑफिसातून बाहेर आल्या त्या चालत नव्हत्या. जमिनीपासून चार बोटं वरून येत होत्या. घरी येऊन विठ्ठलरावांना म्हणाल्या, "अहो, मी मराठीची बाई होणार."

"आत्ता काय कानडीची आहात?" नवऱ्यानं वर न बघता विचारलं.

पण आचार्यांच्या शनिवारच्या वर्गात, पहिल्याच निबंधाला, त्या जमिनीवर आल्या. निबंध परत मिळाला तो तांबड्या शाईनं भिजलेला. अंबूताईंनी लिहिलं होतं, 'हा राजा पहिल्या अंकात जसा होता तसाच शेवटच्या अंकात आहे, भिंतीला टांगलेल्या घड्याळासारखा, आणि घड्याळही बंद.' समासात आचार्यांनी लिहिलं होतं, 'स्वभावरेखन स्थिर आहे, असे म्हणावे.' त्यांनी लिहिलं होतं, 'राणी मरायला टेकली असताना विदूषकानं लाडू मागितला, तेव्हा मला त्याला चापट मारावीशी वाटली.' समासात: 'रसभंग.'

दुसऱ्या कुणाला राग आला असता. अंबूताई मात्र ते समास घरी नेऊन पुन्हा पुन्हा वाचत बसल्या. एवढं लांबलचक बोलणं आणि त्याची घडी एवढ्याशा शब्दात? नऊवारी लुगडं काड्यापेटीत मावावं तसं! त्यांना वेडच लागलं. दळताना 'उपोद्घात', निवडताना 'गुणदोषविवेचन', गाईला चारा घालताना 'औचित्य'. गाईनं मान हलवली.

अडचण एकच. शब्द आवडत, पण टिकत नसत. आचार्य व्याख्या सांगायचे; प्रभंजन ती एका दमात घडाघडा म्हणून दाखवायचा. अंबूताईंना मात्र शनिवारची व्याख्या सोमवारी आठवायची नाही. "तुमचं डोकं शिवणाचं आहे," आचार्य एकदा म्हणाले. वाईट हेतूनं नव्हे. पण अंबूताईंना ते वर्मी लागलं, आणि त्या रात्री जेवता जेवता त्यांनी घास खाली ठेवला.

"डोकं शिवणाचं आहे ना? मग शिवूनच घालते आत."

आता कसुतीबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. कसुती म्हणजे आमच्या भागातला कशिदा. इरकली लुगड्यावर धागे मोजून भरायचा. आखून घ्यायचं नाही, छापून घ्यायचं नाही आणि कुठंही गाठ मारायची नाही. उलटी बाजू सुलटीइतकीच स्वच्छ दिसली पाहिजे. मुलगी बघायला आलेल्या बायका मुलीच्या तोंडाआधी तिच्या कसुतीची मागची बाजू बघतात. टाके चारच, गवंती, मुरगी, नेगी आणि मेंथी, पण त्यातून रथ, हत्ती, गोपूर, सगळं गाव उभं राहतं. अंबूताईंची बोटं हे आठव्या वर्षापासून करत होती. त्यांनी हुबळीहून, कमरीपेठेतल्या चुलत बहिणीकडून रेशीम मागवलं, ट्रंकेतलं काळं इरकली काढलं आणि हत्तीच्या अंबारीत पहिला शब्द बसवला.

"संविधानक म्हणजे गवंती," त्यांनी विठ्ठलरावांना सांगितलं.

"बरं."

"बरं काय? का ते विचारा की."

"का ते?"

"गवंतीत जाताना एक घर भरायचं, एक सोडायचं. शेवटाला गेलं की त्याच वाटेनं परत यायचं आणि सोडलेली घरं भरायची. नाटकाचंही तेच. पत्र कुणी लिहिलं, अंगठी कुठं गेली, ही घरं आधी सोडायची आणि येताना भरायची. एक जरी राहिलं तरी—"

"तरी संविधानक उसवतं."

"शिथिल होतं म्हणा! परीक्षेत उसवतं चालत नाही."

मग रोज एक शब्द. मुरगी जिन्यासारखी चढते, म्हणून तिच्यात 'स्वभावरेखन': माणूस पायरी पायरीनंच बदलतो, उडी मारली की खोटा. मेंथीत एक धागा दुसऱ्यावर आडवा पडतो, तिथं 'संघर्ष'. नेगी विणल्यासारखी दाट भरत जाते, तो 'रसपरिपोष'. आणि 'ध्वनी'ला टाकाच नाही.

"म्हणजे विसरलात भरायला?"

"नाही वो! चारी बाजूंनी भरलं की मधल्या कोऱ्या कापडात आपोआप कमळ दिसतं. न सांगता सांगितलेलं. बघा."

विठ्ठलरावांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं. "मला बेडूक दिसतो."

"तुम्ही अरसिक आहात."

"हा कुठल्या टाक्यातला?"

पण रोग घरभर पसरला होता. दोनच दिवसांनी विठ्ठलराव पानावर बसून म्हणाले, "आमटीचा उपोद्घात बरा आहे. पण मीठ?"

"मीठ सांगायचं नसतं. सुचवायचं असतं."

"मग आज फारच तरल ध्वनी झालाय," असं म्हणून त्यांनी मिठाची वाटी ओढली.

आणि गंमत अशी की शब्द टिकायला लागले. शनिवारच्या वर्गात अंबूताई उत्तरं देऊ लागल्या. फक्त एका वेळी त्या खाली मान घालून गप्प बसत. आचार्यांचं एक ठरलेलं उदाहरण होतं. करुण रसाचा परिपोष म्हणजे काय, हे सांगायला ते दर वेळी हुबळीला पाहिलेल्या एका संगीत नाटकाकडं वळत. "राणी राजाच्या पायांवर कोसळते आणि हाक मारते, आई गं! बस, दोनच शब्द. वीस वर्षं मी अलंकारशास्त्र शिकवतोय, पण परिपोष काय असतो ते त्या हाकेनं कळलं. मी, ह्या मी, कोटाच्या बाहीनं डोळे पुसले!" हे सांगताना त्यांचे डोळे पुन्हा भरून येत. सगळा वर्ग हळवा होई. अंबूताई तेवढ्यापुरत्या खोकत पदर तोंडाला लावत.

बेचाळिसावा शब्द 'उपसंहार'. तो परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी पुरा झाला. आणि अंबूताईंच्या माहेरची रीत अशी की कसुती भरून झालेलं लुगडं पहिल्यांदा नेसायचं ते मंगल कार्याला. कार्य समोर असताना ते ट्रंकेत ठेवणं अशुभ. परीक्षेहून मंगल कार्य त्यांना दुसरं कुठलं सुचणार? कॉपी हा शब्द त्यांच्या मनालाही शिवला नाही. त्यांच्या लेखी तो हत्ती होता आणि अंबारीत कुणीतरी बसणारच.

तर आता त्या व्हरांड्यात उभ्या होत्या आणि आत जायची वाट बाळाचार्यांनी अडवली होती.

"पदर उलटा घेतला तर?" अंबूताईंनी विचारलं.

"उलट्या बाजूनं काय दिसतं?"

"तेच."

"तेच म्हणजे?"

"कसुतीला उलटी बाजू नसते वो आचार्य. अक्षरं तेवढी आरशातल्यासारखी दिसतील."

"वाचता येतात सर," प्रभंजननं मान वाकडी करून सांगितलं. "जरा वेळ लागतो."

"घरी जाऊन बदलून या."

"घर दीड मैल. दार सव्वा अकराला बंद करता तुम्ही."

"तो नियम आहे. अंगावर मजकूर असता कामा नये, हाही नियम आहे. दुसरं वस्त्र असेल तर खुशाल बसा, मी अडवणार नाही." आचार्यांच्या आवाजात आता थोडी सुटका होती. गोष्ट संपली होती.  उन्हाळ्यात बाहेरगावाहून कुणी तरी बाई येईल, टांग्यातून उतरेल आणि सातवीच्या वर्गात जाईल, हे अंबूताईंना डोळ्यांपुढे दिसलं. बाईची छत्रीसुद्धा दिसली.

तेवढ्यात पाण्याची कळशी घेऊन शेवंता आली. अळणावरकडची बाई, शाळेची झाडलोट करायची. अंगावर विटलेलं हिरवं लुगडं.

"शेवंता," अंबूताई एकदम म्हणाल्या, "तुझ्या लुगड्यावर काही लिहिलंय का गं?"

"माझ्या? मला कुठं लिव्हाया येतंय अक्का. गुडघ्यापाशी एक रफू हाय तेवढं."

"आचार्य, रफू चालतो का नियमात?"

बाळाचार्यांनी आधी शेवंताकडं, मग अंबूताईंकडं बघितलं. त्यांना कळलं तेव्हा त्यांचा हात कोटाच्या वरच्या बटणाकडं गेला. "अंबूताई, तुम्ही... तिचं... अंगावरचं?"

"दुसरं वस्त्र असेल तर खुशाल बसा, म्हणालात. आठ साक्षीदार आहेत."

"अक्का, नको," शेवंता कुजबुजली. "तुमची सासू घरात घेईल का?"

"आंघोळ घालून घेईल. आंघोळीनं माणूस परत घरात येतो, परीक्षा येत नाही. चल!"

त्या दोघी पाण्याच्या खोलीत शिरल्या. आतून बांगड्यांचा आवाज, मग शेवंताचं खुदकन हसणं, मग अंबूताईंचा दबका ओरडा, "अगं ओचा कुठं खोचतेस, तिथं उपमा आहे!" पाच मिनिटांनी दार उघडलं. अंबूताई बाहेर आल्या त्या आखूड हिरव्या लुगड्यात, घोट्याच्या वर चार बोटं. त्यांच्यामागून शेवंता आली. तिनं जन्मात पहिल्यांदा इरकली नेसलं होतं. हत्ती, मोर, रथ आणि बेचाळीस शब्द अंगावर घेऊन ती नवरीसारखी एकेक पाऊल टाकत होती. कळशी डोक्यावर घ्यायचीसुद्धा विसरली.

घंटा झाली. लखोटा फुटला. पहिलाच प्रश्न, निम्म्या गुणांचा: 'आपण पाहिलेल्या एखाद्या नाट्यप्रयोगातील एका प्रसंगाचे गुणदोषविवेचन करा.'

अंबूताईंनी टाक उचलला आणि त्यांच्या डोक्यात अंधार झाला. एक शब्द नाही. उजवा हात सवयीनं पदराकडं गेला. बोटांना लागलं ते राख आणि धूर ह्यांचा वास असलेलं गुळगुळीत सुती कापड. संविधानक की संविधान? परिपोष की परितोष? 

नेमकी त्याच वेळी शेवंता पाणी घेऊन खिडकीवरून गेली. आठ टाक थांबले. आठ माना वळल्या.

"शेवंता!" बाळाचार्य ओरडले. "तिथंच बस. भिंतीकडे तोंड कर!"

शेवंतानं मुकाट्यानं भिंतीकडे तोंड केलं. पदर कुठं असतो हे आचार्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. आता तिची पाठ हॉलकडं होती आणि पाठीवरून अख्खा हत्ती, अंबारीसकट, सगळ्यांच्या समोर पसरला होता.

"सोंडेखाली उजवीकडं काय आहे रे?" कुणीतरी कुजबुजलं.

"अन्योक्ती," प्रभंजन म्हणाला.

"उठ! उठ शेवंता! तिकडे मागं जा, चिंचेखाली! परीक्षा संपेपर्यंत येऊ नकोस!"

अशा रीतीनं संविधानक चिंचेखाली गेलं. ह्या सगळ्या गोंधळात खिडकीकडं एकदाही न बघितलेला माणूस एकच होता. अंबूताई खाली बघत होत्या. त्यांच्या बोटाला गुडघ्यापाशी रफू लागला होता. घाईनं केलेला, आडवातिडवा, आणि शेवटी एक गाठ. भली मोठी गाठ. ती बोटाखाली आली मात्र, त्यांना दुसरी एक गाठ आठवली, आणि त्यांना हसू फुटलं. तर्जनी आपोआप बाकाच्या कडेवर हलायला लागली: एक घर भर, एक सोड. एक भर, एक सोड. सं-वि-धा-न-क. आला! मग मुरगीच्या जिन्यानं दुसरा, मेंथीच्या आडव्या धाग्यावरून तिसरा. बोट थांबेना.

त्यांनी लिहायला घेतलं. 'प्रयोग हुबळीस झाला. मी तो समोरून पाहिला नाही. उलट्या बाजूने पाहिला.'

हकीगत अशी की चार वर्षांपूर्वी त्या हुबळीला बहिणीकडं गेल्या असताना नाटक कंपनी उतरली होती. तिसऱ्या अंकाच्या तोंडावर राणीचा शालू खिळ्याला अडकून खांद्यावर फाटला. राणी म्हणजे मधुकर नावाचा नट, गळ्यात मोत्यांची माळ आणि गालात पान. शिवणारं कुणी आहे का म्हणून शोधाशोध झाली, आणि प्रेक्षकांतून अंबूताईंना विंगेत नेलं. मधुकर म्हणाला, "बाई, लवकर! राजा वनवासाला निघालाय." त्यांनी अंगावरच शिवायला घेतलं. घाईत, आयुष्यात पहिल्यांदा, गाठ मारली. दोरा तोडणार तोच ऑर्गनवर सूर आला आणि राणी धावत सुटली. शालूच्या खांद्याला सुई लोंबत होती.

राणी राजाच्या पायांवर कोसळली. सुई खांद्यात शिरली. आणि नाटकात कुठंही नसलेली हाक निघाली: "आई गं!"

थिएटरात कुणी तरी नाक ओढलं. मग हुंदके. मग 'वन्स मोर!' राणी उठली, प्रेक्षकांकडं पाठ करून सुई उपटून विंगेत टाकली, पुन्हा कोसळली, पुन्हा "आई गं!" म्हणाली. ह्या वेळी टाळ्या पडल्या; डोळे पुसताना मात्र कुणी दिसलं नाही.

'ही हाक संविधानकात नव्हती,' अंबूताईंनी लिहिलं, 'परंतु संविधानकाने तिच्यासाठी घर सोडलेले होते. राणी दोन अंक गाण्यात रडली, पण एकदाही कण्हली नव्हती. ते रिकामे घर सुईने भरले. म्हणून पहिली हाक औचित्यपूर्ण आणि दुसरी, शब्द तेच असूनही, रसभंग करणारी. प्रेक्षक सुईसाठी रडले असे कोणी म्हणेल, तर रसपरिपोषाचे श्रेय शिवणाऱ्या बाईला द्यावे लागेल. ती बाई मीच आहे, आणि मला ते नको.'

दोन वाजता घंटा झाली. सगळे गेले. आचार्य म्हणाले, "अंबूताई, थांबा."

मेजावर एक छापील कागद होता. केंद्रावर काही गैरप्रकार घडला असल्यास तो इथं लिहून लखोट्यात घालायचा. ज्याचं नाव त्यात जाईल त्याचा पेपर पुण्याला तपासलाच जात नसे. अंबूताईंना ते ठाऊक होतं. आचार्यांनी तारीख घातली. "गैरप्रकार घडला नाही, असं मी लिहू शकत नाही," ते म्हणाले. "एवढे शब्द अंगावर घेऊन तुम्ही दारापर्यंत आलात."

"दारापर्यंतच. आत मी आणि शेवंताचा रफू आलो."

"ते मी लिहीन. खरं ते सगळं लिहीन." पानं क्रमानं आहेत का बघायला त्यांनी अंबूताईंचा पेपर हातात घेतला. पहिलं पान उलटलं. थांबले. परत मागं आले. मग खुर्चीवर बसले आणि वाचायला लागले.

बाहेर चिंचेखाली शेवंता काठ हातात धरून मोराकडं बघत बसली होती.

"अंबूताई."

"जी."

"हे हुबळीचं..."

"होय की."

"तेच नाटक?"

"तेच. तुम्ही तिसऱ्या रांगेत होता. मी पडद्याच्या फटीतून बघितलंय. कोटाची बाही डोळ्यांना लावलेली."

"सुई."

"अजून आहे माझ्याकडं. जरा वाकलीय."

आचार्यांनी पेपर खाली ठेवला. "मी दर शनिवारी वर्गात तेच उदाहरण देत होतो. आणि तुम्ही समोर बसून गप्प राहिलात?"

"तुमचे डोळे भरायचे. अशात मध्येच सुई कशी काढू?"

"म्हणजे मी आयुष्यात एकदा रडलो, तो एका टोचलेल्या माणसासाठी."

"अय्यो, असं कुठं लिहिलंय मी? परत वाचा की. मी मागं होते, मला टाका दिसला. समोरून काय दिसलं ते तुम्हालाच ठाऊक." अंबूताई मेजाजवळ आल्या. शेवंताच्या आखूड लुगड्यात त्या आता एखाद्या पोरीसारख्या दिसत होत्या, आणि त्यांचा आवाज कापत होता, हसू दाबल्यानं की भीतीनं, सांगता येत नव्हतं. "एकच विचारते. दुसऱ्यांदा त्यानं हाक मारली, तेव्हाही रडलात?"

आचार्यांचा टाक कागदावर टेकलेला होता. तारखेपुढं शाईचा एक ठिपका पडला, वाढला, थांबला.

"सांगा की, आचार्य. तुम्ही सांगाल तेच खरं धरीन. तेव्हाही रडलात?"

आचार्यांनी टाक दौतीत ठेवला. नऊ पेपर एकावर एक रचले, दोरा बांधला, लखोट्यात घातले, लाख लावली. तारीख आणि ठिपका असलेला कागद मेजावरच राहिला. मग कोपऱ्यातली छत्री उचलून ते दाराकडं चालू लागले.

"आचार्य! अहवाल?"

ते पायऱ्या उतरले. चिंचेपाशी क्षणभर थांबून त्यांनी शेवंताच्या पाठीवरचा हत्ती बघितला, अंबारीसकट. मग फाटकाकडं वळले. जाता जाता कोटाची बाही एकदा वर गेली, डोळ्यांशी की तोंडाशी, ते पाठीमागून अंबूताईंना दिसलं नाही. फाटक वाजलं.